नवजाताची गणना आणि मातेची अनुपस्थिती : बालआरोग्यविषयक संशोधनलेखनाची चिकित्सा

प्रस्तावना

संशोधननिबंध हा लेखनप्रकार समीक्षेच्या कक्षेत सहसा येत नाही. कथा, कविता, नाटक यांची चिकित्सा करणारी दृष्टी वैद्यकशास्त्रीय निबंधापाशी आली की थबकते. तेथे तज्ज्ञांनी आकडे तपासावेत आणि इतरांनी निष्कर्ष स्वीकारावेत, अशी एक अलिखित वाटणी विद्याजगतात रूढ झालेली आहे. ती सोयीची असली तरी समर्थनीय नाही. निबंधात कोणाला मोजले गेले, कोणाला नाव मिळाले, तो कोणत्या भाषेत लिहिला गेला आणि तो वाचण्याचा अधिकार कोणाकडे राहिला, हे प्रश्न मूलतः लेखनाचे आहेत. त्यांविषयी बोलण्याचा अधिकार भाषा, विधी, समाजशास्त्र व गृहविज्ञान या विषयांच्या अध्यापकांनाही आहे.

महाराष्ट्रात या प्रश्नांच्या विचारासाठी एक ठळक उदाहरण उपलब्ध आहे. डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये गडचिरोली जिल्ह्यात ‘सर्च’ ही संस्था स्थापन केली. तेथील नवजातसेवेच्या प्रयोगाचा निबंध १९९९ मध्ये लंडनहून निघणाऱ्या ‘द लॅन्सेट’ या साप्ताहिकात इंग्रजीतून प्रसिद्ध झाला आणि दोन वर्षांनी, २००१ मध्ये, ‘कोवळी पानगळ’ हा मराठी अहवाल आला. एकाच कार्यातून, दोन भाषांत, दोन निराळ्या वाचकवर्गांसाठी निर्माण झालेले हे लेखन शेजारी ठेवून वाचले असता एक गोष्ट प्रकर्षाने जाणवते. या लेखनाने समाजाला आणि शासनाला नवजात बालक मोजावयास शिकविले. मातेचे मन मात्र त्यात मोजले गेले नाही. पुढे अन्यत्र ते मोजले गेले तेव्हा बव्हंशी बाळाच्या वाढीचे एक कारण म्हणून मोजले गेले. शिवाय ज्या पट्टीने ते मोजले गेले ती पट्टी गावपातळीवरील कार्यकर्तीच्या भाषेत नव्हती आणि कायद्याने तिच्या हाती सहज येण्यासारखीही नव्हती. प्रस्तुत लेखात या तीन बाबींचा परस्परसंबंध तपासला आहे.

गडचिरोलीचा निबंध

प्रयोगाच्या आधीच्या वर्षी, म्हणजे १९९५-९६ मध्ये, ३९ गावांतील ७६३ नवजात बालकांचे घरोघरी जाऊन निरीक्षण करण्यात आले. बहुतेक बाळंतपणे घरीच होत होती. निम्म्याहून अधिक बालकांना वैद्यकीय मदतीची गरज असल्याचे आढळले. प्रत्यक्षात ती मिळाली अवघ्या २.६ टक्क्यांना. पुढच्या सर्व कीर्तिमान आकड्यांपेक्षा हा आकडा अधिक बोलका आहे. गरज आणि उपलब्धी यांमधील एवढी दरी केवळ दवाखान्याच्या अंतराने स्पष्ट होत नाही. जन्मल्यानंतरचे पहिले काही दिवस मूल अद्याप पुरते ‘आपले’ झालेले नसते, ही लोकधारणाही तीत सामावलेली आहे. तिचा विचार पुढे येईल.

प्रयोगाचे स्वरूप आता बऱ्यापैकी परिचित आहे. पाच ते दहा इयत्ता शिकलेल्या गावातीलच स्त्रियांना प्रशिक्षण देण्यात आले. बाळाचे वजन करणे, त्याला ऊब देणे, स्तनपानास साहाय्य करणे, जन्मतः श्वास न घेणाऱ्या बाळाला श्वास देणे आणि सेप्सिस म्हणजे शरीरभर पसरणाऱ्या जंतुसंसर्गाची लक्षणे ओळखणे ही कामे त्यांच्याकडे आली. सेप्सिसची शंका येताच पालकांच्या संमतीने जेंटामायसिनचे इंजेक्शन व कोट्रायमोक्झॅझोलचे पातळ औषध त्यांनीच द्यावयाचे होते. तुलनेसाठी ४७ गावे होती. प्रयोगापूर्वी, १९९३ ते १९९५ या काळात, प्रयोगक्षेत्रातील नवजात मृत्यूदर हजार जिवंत जन्मांमागे ६२ होता. तिसऱ्या वर्षी तो २५.५ वर आला. तुलनाक्षेत्रातील दर साठच्या आसपासच राहिला. सेप्सिस झालेल्या बालकांतील मृत्यूचे प्रमाण १६.६ टक्क्यांवरून २.८ टक्क्यांवर उतरले. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दहा वर्षांच्या आढाव्यात नवजात मृत्यूदरातील घट ७० टक्के नोंदली गेली.

या निबंधावर पद्धतिशास्त्रीय आक्षेप घेता येतात आणि ते गैरलागू नाहीत. प्रयोगाची व तुलनेची गावे चिठ्ठ्या टाकून, म्हणजे यादृच्छिक पद्धतीने, निवडलेली नव्हती. अनेक उपाय एकाच वेळी केल्यामुळे कोणत्या उपायाचा किती वाटा, हे मूळ निबंधावरून कळत नाही. एका समर्पित दांपत्याच्या सहवासात जे साधते ते शासकीय यंत्रणेत साधेल काय, हा तिसरा आणि सर्वाधिक उच्चारला गेलेला प्रश्न. यांपैकी दुसऱ्या आक्षेपाचे उत्तर २००५ च्या आढाव्यात देण्याचा प्रयत्न आहे. मृत्यूंत झालेल्या घटीपैकी ३६ टक्के वाटा सेप्सिसच्या उपचाराचा, ३४ टक्के कमी वजनाच्या बाळांच्या देखभालीचा आणि १९ टक्के गुदमरलेल्या बाळांवरील उपचारांचा, अशी मांडणी तेथे केली आहे. तिसऱ्या आक्षेपाला काही अंशी ‘अंकुर’ प्रकल्पाने उत्तर दिले. महाराष्ट्रातील सात स्वयंसेवी संस्थांनी निरनिराळ्या परिसरांत हीच पद्धत राबविली. पहिला आक्षेप मात्र शिल्लक राहतो आणि तो शिल्लक आहे हे मान्य करण्यात निबंधाचे काही उणे होत नाही.

शासनाने या प्रयोगातून काय उचलले, हे पाहणे अधिक उद्बोधक ठरते. २०११ पासून आशा कार्यकर्तीमार्फत गृहाधारित नवजात-सेवा देशभर सुरू झाली. दवाखान्यात जन्मलेल्या बाळाच्या घरी सहा भेटी आणि घरी जन्मलेल्यासाठी सात, असे वेळापत्रक ठरले. तथापि, घटीतील सर्वांत मोठा वाटा ज्या उपायाचा होता तो, म्हणजे इंजेक्शन, आशाच्या हाती दिला गेला नाही. २०१४ मध्ये विशिष्ट परिस्थितीत जेंटामायसिन देण्याची मुभा मिळाली ती उपकेंद्रातील सहायक परिचारिकेला. सुरक्षिततेची चिंता या निर्णयामागे असणार आणि ती अनाठायी म्हणता येत नाही. परंतु ज्या निबंधाचा मध्यवर्ती सिद्धान्त असा की अल्पशिक्षित स्त्रीवर विश्वास टाकता येतो, त्या निबंधातून विश्वासाचा भाग वगळून भेटींचे वेळापत्रक तेवढे घेतले गेले, हे नोंदविलेच पाहिजे.

याला निबंधाची लेखनशैलीही थोडीफार जबाबदार आहे, असे म्हटल्यास ते धाडसाचे वाटेल. वैज्ञानिक गद्याचा आवडता प्रयोग कर्मणी. इंजेक्शन ‘देण्यात आले’, वजन ‘करण्यात आले’, बालक ‘वाचविण्यात आले’. या वाक्यांतून देणारी, करणारी आणि वाचविणारी नाहीशी होते. प्रत्यक्ष कार्यात तिला ‘आरोग्यदूत’ असे सुंदर नाव आहे; इंग्रजी निबंधात ती ‘ग्रामीण आरोग्य कार्यकर्ती’ या पदनामापुरती उरते. अमावास्येच्या रात्री एखाद्या आळीतून निरोप आल्यावर ती कशी गेली, सासूने तिला उंबऱ्यात थांबविले की आत घेतले, पहिली सुई टोचताना तिचा हात थरथरला काय, हे तक्त्यात येणे शक्य नाही, हे खरे. पण त्यामुळे निबंध वाचणाऱ्या प्रशासकाच्या मनात प्रतिमा तयार होते ती पद्धतीची, तिची नव्हे. पद्धतीतील एखादी पायरी गाळता येते. माणसाची क्षमता गाळणे इतके सोपे जात नाही.

याच संस्थेच्या त्याआधीच्या न्यूमोनियाविषयक कामातील एका साधनाचा येथे उल्लेख करणे अगत्याचे आहे, कारण लेखाच्या उत्तरार्धात त्याची गरज पडेल. ज्या दायांना मोठे आकडे मोजता येत नव्हते त्यांच्यासाठी श्वास मोजण्याचे एक साधे साधन तयार करण्यात आले : एक मिनिटाचे वाळूचे घड्याळ आणि ओवलेले मणी. दर दहा श्वासांना एक मणी सरकवावयाचा. मणी ठरावीक मर्यादेपलीकडे गेले तर मुलाला न्यूमोनिया आहे असे समजावयाचे. जी मोजणार तिच्या हाताला व बुद्धीला साजेशी पट्टी बनविण्याचे इतके स्वच्छ उदाहरण आपल्याकडे विरळाच सापडते.

‘कोवळी पानगळ’ : शीर्षक आणि भाषा

बालमृत्यू अभ्यास गटाने तयार केलेल्या ‘कोवळी पानगळ’ या अहवालामागे महाराष्ट्रातील १३ स्वयंसेवी संस्थांचे क्षेत्रकार्य होते. आदिवासी, ग्रामीण व शहरी झोपडवस्तीच्या भागांत प्रत्येक जन्म व प्रत्येक बालमृत्यू नोंदविण्याचा हा प्रयत्न होता. राज्यात दरवर्षी साधारण पावणेदोन लाख बालमृत्यू होत असावेत आणि त्यांतील फार मोठा भाग शासकीय दप्तरात येतच नाही, असा त्याचा निष्कर्ष होता. इंग्रजीतून हीच मांडणी डिसेंबर २००२ मध्ये ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’त आली. २००३ मध्ये राज्य शासनाने डॉ. अभय बंग यांच्याच अध्यक्षतेखाली बालमृत्यू मूल्यमापन समिती नेमली. ज्याने चूक दाखविली त्याच्याकडेच मोजदाद सोपविणे हे आपल्या प्रशासकीय परंपरेत दुर्मीळ, आणि त्याचे श्रेय मराठीतून लिहिलेल्या अहवालाला द्यावयास हवे. लंडनच्या साप्ताहिकातील निबंधाने तज्ज्ञमान्यता मिळविली. विधिमंडळ आणि वृत्तपत्रे हलविली ती मराठी शब्दांनी.

परंतु हे शब्दच तपासण्यासारखे आहेत. ‘पानगळ’ ही ऋतुचक्रातील घटना होय. पाने पिकतात, गळतात, पालवी पुन्हा फुटते. यात कोणाचा दोष नसतो. बालमृत्यूसाठी ही प्रतिमा वापरली की मृत्यूला निसर्गाचे कवच मिळते. लेखकांनी ‘कोवळी’ हे विशेषण जोडून त्या कवचाला तडा दिला आहे, कारण कोवळे पान ऋतूने गळत नाही. ते गळले तर झाडाला काही झाले आहे किंवा कोणी ओरबाडले आहे. शीर्षकाचे सामर्थ्य या दोन शब्दांमधील विसंगतीत आहे. पुढील वापरात मात्र ही विसंगती झिजली. वृत्तपत्रांच्या मथळ्यांत ‘पानगळ’ हा बालमृत्यूचा नुसता पर्यायी शब्द बनला आणि विशेषणाचे काम केवळ करुणा उत्पन्न करण्यापुरते राहिले. प्रतिमेच्या यशानेच प्रतिमेचा प्रश्न मारला, असे म्हणावे लागेल.

याउलट बोलीतील रूढ शब्द अधिक निर्दय आणि अधिक अर्थपूर्ण आहे. मूल ‘दगावले’ असे म्हणतात. दगा या शब्दाशी त्याचे नाते उघड आहे. दगा कोणी दिला? मुलाने आईबापांना, दैवाने मुलाला, की ज्यांनी यावयाचे ते आले नाहीत त्यांनी? व्याकरण हे सांगत नाही. शासकीय परिभाषेतील ‘अर्भक मृत्यूदर’ हा शब्द या प्रश्नाला जागाच ठेवत नाही. ‘दगावणे’ निदान ती मोकळी ठेवते.

नोंदीचा प्रश्नही शेवटी भाषेचाच आहे. नवजात मृत्यूंपैकी सुमारे तीन चतुर्थांश पहिल्या आठवड्यात होतात. मराठी घरात पाचव्या-सहाव्या दिवशी सटवाई ललाटलेख लिहिते आणि बाराव्या दिवशी बारसे होते. म्हणजे बहुतेक नवजात बालके नाव मिळण्याच्या आधीच जातात. काही तर ललाटलेखाच्याही आधी. जिचे नाव ठेवलेले नाही अशा व्यक्तीचा मृत्यू घरात बोलला जात नाही, ग्रामपंचायतीत कळविला जात नाही आणि अनेकदा ‘मृत जन्म’ म्हणून निकालात निघतो. अहवालाने दाखविलेली दप्तरी त्रुटी केवळ कर्मचाऱ्यांच्या कुचराईने निर्माण झालेली नाही; तिला संस्कृतीची मूक संमती होती. अहवालाने कुचराईवर पुरेसे बोट ठेवले. संमतीवर ठेवावयास हवे होते तितके ठेवले नाही.

काळ पुष्कळ बदलला आहे, हेही सांगितले पाहिजे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रात ९४.७ टक्के बाळंतपणे संस्थेत झाली, आणि २०२० च्या नमुना नोंदणी पाहणीत राज्याचा नवजात मृत्यूदर हजारी ११ होता. ज्या मृत्यूंनी एकेकाळी अहवालाचे पान व्यापले होते ते आता पूर्वीइतके राहिलेले नाहीत. त्यामुळेच जगलेल्या बाळाच्या आईकडे पाहण्यास आता सबब उरलेली नाही.

मातेचे मन : कोणत्या रकान्यात?

आशा कार्यकर्तीच्या गृहभेटीच्या प्रपत्रात मातेसाठी प्रश्न आहेत. किती वेळा जेवली, किती घड्या बदलल्या, ताप आहे काय, स्रावाला दुर्गंधी आहे काय, दूध येते काय. मनासंबंधी म्हणावा असा प्रश्न एकच, आणि तोही झटक्यांशी जोडलेला : माता असंबद्ध बोलते काय किंवा तिला झटके येतात काय? म्हणजे मन बिघडून ज्वरभ्रमापर्यंत पोहोचले तर त्याची नोंद होईल. जी माता सुसंबद्ध बोलते, वेळेवर दूध पाजते आणि रात्री भिंतीकडे तोंड करून रडते, तिच्यासाठी या कागदावर रकाना नाही. आपल्या परंपरेनेही तिला निराळा शब्द दिलेला नाही. बाळंतपणानंतरचे सर्व दुखणे ‘बाळंतरोग’ या एका शब्दात कोंबले गेले. राणी बंग यांच्या ‘कानोसा’ने स्त्रियांच्या शरीरव्यथा त्यांच्याच शब्दांत ऐकण्याचा मार्ग दाखविला होता. त्या मार्गाने मनापर्यंत जाणारे लेखन मराठीत अद्याप थोडे आहे.

हे मन गोव्यात मोजले गेले. विक्रम पटेल, मर्लिन रॉड्रिग्ज व नंदिता डिसूझा यांचा निबंध २००२ मध्ये ‘अमेरिकन जर्नल ऑफ सायकिआट्री’त प्रसिद्ध झाला. त्यांनी अभ्यासलेल्या २५२ मातांपैकी ५९ जणींमध्ये, म्हणजे २३ टक्क्यांमध्ये, प्रसूतीनंतर सहा ते आठ आठवड्यांनी नैराश्य आढळले. त्यांतील बहुसंख्य स्त्रियांचे मन गर्भारपणातच अस्वस्थ होते. आर्थिक ओढग्रस्ती, वैवाहिक संबंधांतील ताण आणि जन्मलेले मूल मुलगी असणे, यांचा नैराश्याशी संबंध दिसून आला. वैद्यकीय नियतकालिकातील निबंधाच्या शीर्षकातच लिंगभाव व दारिद्र्य हे शब्द यावेत, ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती. या निबंधात नैराश्य हे संप्रेरकांच्या गडबडीपुरते राहत नाही. ते घराच्या रचनेत शोधले जाते. मुलगी झाली म्हणून घर गप्प झाले, या अनुभवाला येथे प्रथमच संख्येचा आधार मिळतो.

तथापि २००३ मध्ये याच गटाचा जो पुढील निबंध आला त्याने मातेच्या नैराश्याचा बाळाच्या वजनाशी व विकासाशी असलेला संबंध दाखविला, आणि धोरणकर्त्यांच्या लेखी महत्त्व आले ते या दुसऱ्या निष्कर्षाला. येथे एक घसरण सुरू होते. ती अधिक स्पष्टपणे पाहावयाची तर गोव्याबाहेर, पाकिस्तानातील रावळपिंडीच्या ग्रामीण भागात जावे लागते. कारण गडचिरोलीप्रमाणे तेथेही गावपातळीवरील स्त्री आरोग्य कार्यकर्तीवरच भिस्त ठेवलेली होती. आतिफ रहमान व सहकाऱ्यांचा हा प्रयोग २००८ मध्ये ‘लॅन्सेट’मध्येच प्रसिद्ध झाला. नैराश्यग्रस्त गर्भवतींशी ‘लेडी हेल्थ वर्कर’ने ठरावीक पद्धतीने संवाद साधावा, विचारांना वळण द्यावे, असे त्याचे स्वरूप. सहा महिन्यांनी साधारण उपचारगटात ५३ टक्के माता नैराश्यात होत्या, तर संवादगटात २३ टक्के. परिणाम असामान्य म्हणावा असा आहे.

पण या प्रयोगाचे प्राथमिक फलित काय ठरविले होते? बाळाचे वजन आणि उंची. मातेचे नैराश्य दुय्यम रकान्यात होते. प्रत्यक्षात बाळांच्या वजन-उंचीत लक्षणीय फरक पडला नाही. प्राथमिक निकषावर काटेकोर बोट ठेवले तर हा प्रयोग अपयशी ठरतो. आणि ज्या शेकडो स्त्रिया अंधारातून बाहेर आल्या त्या दुय्यम यशात जमा होतात. संशोधकांचा हेतू निश्चितच सद्भावनेचा होता. बाळाच्या नावाने निधी मिळतो आणि मातेच्या नावाने मिळत नाही, हे व्यावहारिक शहाणपणही त्यामागे असू शकेल. तरीही रचनेने एक मूल्यनिर्णय दिला : मातेचे दुःख हे बाळ खुरटले तरच दखलपात्र. मराठी घरात ‘बाळासाठी तरी नीट जेव’ असे बाळंतिणीला सांगतात, त्याचेच हे संख्याशास्त्रीय रूप होय. ते सांगणाऱ्या सासूला मागास ठरवावयाचे आणि तक्त्याला आधुनिक, हा न्याय कोणता?

पट्टी कोणाची?

प्रसूतिपश्चात नैराश्य मोजण्याचे जगभर रूढ झालेले साधन म्हणजे एडिंबरा मापिका. कॉक्स, होल्डन व सॅगोव्हस्की यांनी ती १९८७ मध्ये ‘ब्रिटिश जर्नल ऑफ सायकिआट्री’त प्रसिद्ध केली. दहा विधाने, गेल्या सात दिवसांचा अनुभव, प्रत्येकी शून्य ते तीन गुण. पाच-सात मिनिटांत भरून होणारे हे साधन उपयुक्त आहे, यात शंका नाही. पण ते स्कॉटिश स्त्रीने एकटीने वाचून, पेन्सिलीने खूण करण्यासाठी रचलेले आहे. गडचिरोलीत वा मेळघाटात ते कोणीतरी वाचून दाखवावे लागते, बहुधा सासू-जाऊ ऐकत असताना. त्यातील सहावे विधान इंग्रजी वाक्प्रचारावर आधारलेले आहे. शब्दशः मराठी केले तर वस्तू अंगावर चढत असल्याचा भास वर्णिल्यासारखे होते. ‘सगळं अंगावर पडलंय, झेपत नाही’ असे काही म्हटले तर अर्थ जुळतो, पण मग अंगावर पडणारे काम हे बाळंतिणीच्या बाबतीत वस्तुस्थिती असते, लक्षण नव्हे. वाळूचे घड्याळ व मणी यांच्याशी ही मापिका ताडून पाहिली की फरक ध्यानी येतो. ते साधन मोजणारीकडे पाहून घडले होते. या साधनासाठी मोजणारीलाच घडवावे लागते.

यातच स्वामित्वहक्काचा प्रश्न येतो. मापिकेचा हक्क इंग्लंडच्या रॉयल कॉलेज ऑफ सायकिआट्रिस्ट्सकडे आहे. संशोधकाने किंवा चिकित्सकाने स्वतःच्या वापरासाठी संपूर्ण मापिकेची, मूळ निर्देशासह, छायाप्रत काढण्यास परवानगीची गरज नाही. इतरांना वाटण्यासाठी प्रती काढावयाच्या किंवा छापील, ऑनलाइन वा अन्य माध्यमातून पुनःप्रकाशित करावयाची तर लेखी परवानगी लागते. १९८७ च्या दृष्टीने ही सवलत उदारच होती. परंतु ती ज्या जगासाठी होती त्यात वापर एकट्या डॉक्टरने आपल्या टेबलापाशी करावयाचा होता. आज आशा कार्यकर्तीच्या हाती मोबाइल आहे आणि नोंदी त्यावर भरल्या जातात. मापिका त्या मोबाइलवर चढविली की ती ‘वाटप’ होते. कागदावरील सवलत पडद्यावर संपते. येथवर प्रश्न सौजन्याचा आहे, पैशाचा नाही. पण पैशाचा होण्यास वेळ लागत नाही. स्मृतिभ्रंश तपासण्यासाठी १९७५ पासून जगभर मुक्तपणे वापरली जाणारी ‘मिनी मेंटल स्टेट’ चाचणी २००१ नंतर एका व्यावसायिक प्रकाशकाच्या ताब्यात गेली आणि तिच्या वापरासाठी शुल्क द्यावे लागू लागले.

संशोधननिबंधांची स्थिती याहून वेगळी नाही. ‘एक राष्ट्र एक सदस्यता’ योजनेस केंद्रीय मंत्रिमंडळाने नोव्हेंबर २०२४ मध्ये संमती दिली. २०२५ ते २०२७ या तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपयांची तरतूद करून ३० प्रकाशकांची सुमारे १३,००० नियतकालिके शासकीय उच्चशिक्षण व संशोधन संस्थांना खुली करण्यात आली. ही मोठी सोय होय. परंतु सदस्यता संस्थेला मिळते, विषयाला नाही. उपकेंद्रातील परिचारिका, स्वयंसेवी संस्थेची प्रशिक्षिका आणि ज्यांच्या घरातील मृत्यूंतून ही आकडेवारी उभी राहिली ते गावकरी या यादीत कोठे बसतात? जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ पासून आपल्या प्रकाशनांसाठी बिगर-व्यापारी मुक्त परवान्याचा मार्ग स्वीकारला आहे. त्यामुळे तिची पुस्तिका मराठीत आणण्यास वेगळी परवानगी मागावी लागत नाही. व्यावसायिक नियतकालिकांबाबत तसे सरसकट म्हणता येत नाही.

भारतीय विधी मात्र समजले जाते तितका हतबल नाही. २०१२ मध्ये ऑक्सफर्ड, केंब्रिज व टेलर अँड फ्रान्सिस या प्रकाशकांनी दिल्ली विद्यापीठ आणि तेथील रामेश्वरी छायाप्रत केंद्र यांच्याविरुद्ध दावा केला होता. सप्टेंबर २०१६ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने, स्वामित्वहक्क हा काही ईश्वरदत्त वा नैसर्गिक हक्क नाही अशी भूमिका घेऊन, तो फेटाळला. डिसेंबर २०१६ मध्ये खंडपीठाने कलम ५२ मधील ‘शिक्षणक्रमा’चा अर्थ वर्गातील व्याख्यानापुरता मर्यादित नसल्याचे मानले; त्याच वेळी, घेतलेला मजकूर शिक्षणाच्या प्रयोजनासाठी आवश्यक होता काय, हा तथ्याचा प्रश्न खुला ठेवला. २०१७ मध्ये प्रकाशकांनी दावा मागे घेतला. या निर्णयाची चर्चा आपल्याकडे झाली ती विद्यार्थ्यांच्या झेरॉक्सच्या अंगाने. आशा कार्यकर्तीचे प्रशिक्षण हाही ‘शिक्षणक्रम’ ठरतो काय, हा प्रश्न विधीच्या अध्यापकांनी उचलावयास हवा होता. तो पडून आहे.

त्याहून दुर्लक्षित आहे १९५७ च्या अधिनियमातील कलम ३२. विहित अटी पूर्ण करून कोणासही भाषांतराचा परवाना मागण्याची सोय त्यात आहे. सर्वसाधारण मुदत प्रथम प्रकाशनानंतर सात वर्षांची. कृती भारतीय नसेल आणि भाषांतर अध्यापन, विद्वत्ता वा संशोधन यांसाठी हवे असेल, तर ही मुदत तीन वर्षांवर येते. आणि विकसित देशांत सर्वसाधारण वापरात नसलेल्या भाषेसाठी, म्हणजे मराठीसारख्या भाषेसाठी, एका वर्षावर. गंमत अशी की लेखक भारतीय नागरिक असल्यास कृती ‘भारतीय’ ठरते आणि सात वर्षे थांबावे लागते. लंडनच्या परकीय लेखकाचा निबंध मराठीत वर्षभरात मागता येतो, गडचिरोलीच्या लेखकाचा नाही. शिवाय या सवलतीत भाषांतर ‘मुद्रित वा तत्सम’ स्वरूपात काढण्याची भाषा आहे. मोबाइलच्या पडद्याला ती लागू होते काय, यावर वाद होऊ शकतो. कागदी पुस्तिकेबाबत तो होणार नाही.

एकेका महाविद्यालयात मराठी, विधी, गृहविज्ञान आणि संख्याशास्त्र हे विभाग एकाच आवारात असतात. अशा पुस्तिकेला लागणारे सर्व मनुष्यबळ तेवढेच आहे. गडचिरोलीच्या १९९९ च्या निबंधाची सात वर्षे २००६ मध्ये पूर्ण झाली. गोव्याच्या २००२ च्या निबंधाची, कोणतीही मुदत धरली तरी, २००९ मध्ये.